कड्यावरची गर्दी : बंदी हवी की मोजदाद?

अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात एंजल्स लँडिंग या कड्यावर जाण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून परवाना सक्तीचा आहे. शेवटच्या टप्प्यात खडकाची अरुंद धार, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि आधाराला साखळी, असे या वाटेचे स्वरूप. २०२१ मध्ये उद्यानाला ५० लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली आणि साखळीपाशीची गर्दी चिंतेचा विषय ठरली. तरीही प्रशासनाने वाट बंद केली नाही. सोडत काढून चढणाऱ्यांची संख्या तेवढी मर्यादित केली; धारेच्या अलीकडील स्काउट लुकआउटपर्यंत परवान्याविना जाता येते.

योसेमिटीतील हाफ डोमने हा मार्ग त्याआधीच चोखाळला होता. तेथील अखेरच्या सुमारे ४०० फूट चढणीवर १९१९ मध्ये पोलादी दोर बसवण्यात आले. २०१० मध्ये शनिवार-रविवारसह गर्दीच्या दिवसांसाठी आणि २०११ पासून हंगामातील रोजच्या रोज परवाना लागू झाला. आता दिवसाला साधारण ३०० जणांनाच वर जाता येते.

संख्येवर एवढा भर देण्यामागे कड्याचे स्वतःचे गणित आहे. चढणारे आणि उतरणारे एकाच दोराला धरून असतात. मध्येच एक जण घाबरून थबकला की मागची सारी रांग उभ्या खडकावर खोळंबते. घाई झालेले आधार सोडून बाजूने पुढे सरकतात. खोळंबा वाढला की दुपारचे वादळ माथ्यावरच गाठते. कडा तोच राहतो. गर्दीमुळे त्याचा धोका मात्र वाढतो.

अर्थात, मोजदाद म्हणजे अभयदान नव्हे. जुलै २०२४ मध्ये हाफ डोमवर पावसाने निसरड्या झालेल्या खडकावरून पडून एका वीस वर्षीय तरुणीचा मृत्यू झाला. परवाना गर्दी आवरतो. आभाळ पाहून माघारी फिरण्याचा निर्णय चढणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

नाशिक जिल्ह्यातील हरिहर गडापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. कातळात कोरलेल्या त्याच्या खड्या, अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि पावसाळी सुट्टीच्या दिवशी तेथे माणसांची साखळीच तयार होते. महाराष्ट्रातील प्रशासनाचे नेहमीचे उत्तर मात्र सरसकट बंदीचे असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले.

दुर्घटनेनंतरची तातडीची बंदी समजण्यासारखी आहे. पण ती कायमचे धोरण झाली की तयारीचा गिर्यारोहक आणि चपला घालून आलेला हौशी यांना एकच न्याय लागू होतो. पायथ्याच्या गावांतील वाटाडे आणि जेवण पुरवणारी घरे ऐन हंगामात कमाईला मुकतात. शिवाय लोक आडवाटेने जातच राहतात आणि वर किती जण आहेत, याची नोंद कोणाकडेच उरत नाही. अपघातानंतर धावून जाणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी पथकांचे काम त्यामुळे अधिकच अवघड होते.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी उचलणेही योग्य नाही. केवळ ऑनलाइन सोडत ठेवली तर स्थानिक तरुण मागे पडतील आणि शहरी पर्यटकाची सोय होईल. त्याऐवजी पायथ्याशीच नोंदणी, माफक शुल्क, ठरलेली संख्या आणि जोरदार पाऊस होताच वाट थांबवण्याचा अधिकार, एवढी व्यवस्था पुरेशी ठरू शकते. गावोगावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या हे काम करू शकतात; शुल्काचा वाटा गावात राहिला तर नियम पाळून घेण्यात गावाचेही हित असेल. वन विभाग हा अधिकार या समित्यांकडे सोपवण्यास तयार आहे का, हा आता खरा प्रश्न आहे.