भिंतीवरची पाखरं

मैत्रिणींनो, दिवाणखान्यासाठी चित्र घ्यायला गेलं की लाल-पिवळी पानगळ आणि तीत बसलेली रंगीबेरंगी पाखरं हमखास पुढे येतात. चित्र सुरेख असतं, पण तो शरद परदेशातला. आपली पानगळ शिशिरातली. आपल्या शरदात पाणी निवळशंख होतं नि गवत सोनेरी होऊ लागतं.

तो पाहायचा तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. थंडीची चाहूल लागताच येणारे नारिंगी चक्रवाक, वर्षभर राहणारी जांभळी पाणकोंबडी. रंगांना काय तोटा?

लग्नानंतर माळ्यावर गेलेली तुमची रंगपेटी या दिवाळीच्या सुट्टीत खाली काढा नि सोबत न्या. ‘आता कुठलं जमतंय!’ म्हणू नका. काढलेल्या चित्राला माउंट लावूनच फ्रेम करून घ्या, म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही. उन्हाची किंवा ओल धरणारी भिंत टाळा. आणि हो, कोपऱ्यात स्वतःची सही करायला मात्र विसरू नका!