संग्रह कीं इतिहास?

जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्यांचे संग्राहक आपणांस इतिहासाचे उपासक म्हणवितात. आमच्या मतें त्यांची उपासना इतिहासाची नसून दुर्मिळतेची आहे.

१९३३ सालचें वीस डॉलरांचें ‘डबल ईगल’ हें या पंथाचें आराध्य दैवत. शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनीं रेखाटलेलीं हीं नाणीं १९०७ पासून निघत होतीं. १९३३ सालीं अशीं ४,४५,५०० नाणीं पाडण्यांत आलीं. पण तीं चलनांत आलींच नाहींत. नमुन्यादाखल राखलेलीं दोन वगळतां बाकीचीं वितळविण्याचें ठरलें, आणि १९३७ पर्यंत तीं मुशींत गेलीं. चोरवाटेनें कांहीं निसटलीं. त्यांपैकीं इजिप्तचे राजे फरूक यांच्या संग्रहांतील मानलें जाणारें एक नाणें २००२ सालीं ७५,९०,०२० डॉलरांस व २०२१ सालीं १,८८,७२,२५० डॉलरांस विकलें गेलें. ज्या नाण्यानें कधीं पावाचा तुकडाही विकत आणला नाहीं, त्याचें मोल सर्वांत अधिक!

त्या वर्षाचा खरा इतिहास निराळाच आहे. ५ एप्रिल १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हुकूम काढला कीं, माणशी शंभर डॉलरांपर्यंतचीं नाणीं खेरीजकरून प्रजेनें आपलें सुवर्णचलन १ मेपर्यंत बँकांत भरावें. लोकांस औंसामागें २० डॉलर ६७ सेंट मिळाले. आणि जानेवारी १९३४ च्या अखेरीस सरकारनें तोच भाव ३५ डॉलर केला. ज्यांनीं निमूटपणें आज्ञा पाळली, त्यांच्या सोन्यावरील हा नफा सरकारच्या पदरीं पडला. आणि त्याच हुकुमांत संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांस मात्र सूट होती! ही गोष्ट किती संग्राहक अभिमानानें सांगतील?

संग्राहकांमुळें अनेक नाणीं मुशींतून वांचलीं व त्यांच्या याद्या अभ्यासकांच्या उपयोगीं पडल्या, हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण नाण्यावर झीज दिसली कीं हेच गृहस्थ त्याची किंमत उतरवितात. ती झीज म्हणजे काय? मजुराची मूठ, दुकानदाराचा गल्ला, गृहिणीची डबी यांतून झालेल्या प्रवासाची ती खूण! ती ज्यास दोष वाटते, त्यानें खुशाल संग्रह करावा, भांडवलही वाढवावें. फक्त त्या व्यापारास इतिहासप्रेम म्हणूं नये, एवढीच आमची विनंति आहे.