बोधचिन्हात बोध हवा

बडोद्याची सयाजीबाग २०२९ साली दीडशे वर्षांची होईल. अशा प्रसंगी आपल्याकडे सर्वप्रथम सिद्ध होते ते बोधचिन्ह. ‘१५०’ हा आकडा, त्यातील शून्याचे फूल, भोवती हिरवी पाने आणि वर संस्थापकाची मुखमुद्रा! वर्ष सरते, फलक उतरतात आणि चिन्हही विस्मरणात जाते. त्यात शोभा असते. बोध मात्र नसतो.

सयाजीराव महाराजांविषयी बडोद्यात, तसेच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे हे त्यांचे जन्मगाव असल्याने महाराष्ट्रातही, जो आदर आहे तो सर्वथा उचितच होय. तथापि १८७९ साली महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते १८८१ च्या डिसेंबरात. तेव्हा बागेचे मोठेपण एका मुखमुद्रेत मावणारे नाही. प्रजेसाठी उपवन उभारावे आणि त्याच आवारात पुढे वस्तुसंग्रहालयही उघडावे, ही दृष्टी हेच तिचे खरे वैभव.

मग चिन्हात काय असावे? वड आणि विश्वामित्री. वडाने या नगराला नाव दिले. पावागडाकडून येणारी विश्वामित्री बागेला बिलगून वाहते. भर शहरात तिच्या पात्रात मगरी नांदतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हीच नदी वस्त्यांत शिरली आणि हजारोंना घरे सोडावी लागली. काठच्या सखल जमिनीवर भराव पडत गेले, तर पावसाळ्यात पाण्याने जावे कोठे? ज्या नदीकाठी बाग फुलली, ती नदी चिन्हात असेल, तर प्रत्येक निमंत्रणपत्रिका महानगरपालिकेला हा प्रश्न विचारीत राहील.

असे चिन्ह घडविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराजांच्याच नावाच्या विद्यापीठात १९५० पासून ललित कला विद्याशाखा नांदते आहे. तेथील विद्यार्थ्यांसह सर्वांसाठी खुली स्पर्धा ठेवावी. अट साधी असावी : चिन्ह एका रंगात उमटावे, तिकिटाएवढ्या आकारातही ओळखू यावे आणि बागेत खेळणाऱ्या बालकालाही त्याचा अर्थ कळावा.

उत्सव वर्षभराचा असतो. वडाचे आणि नदीचे आयुष्य शतकांचे. बोधचिन्ह हा संकल्प ठरला, तरच दीडशेव्या वर्षाचा सोहळा द्विशताब्दीच्या उपयोगी पडेल.