विजेतेपदाची नोंद कोण ठेवतो?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एक अपूर्व घटना घडली. साउथ कॅरोलायना आणि आयोवा या विद्यापीठांच्या मुलींमधील अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याला सुमारे १ कोटी ४८ लाखच प्रेक्षक लाभले. स्त्रियांच्या बास्केटबॉलचे युग उजाडले, असा गजर सर्वत्र झाला. वस्तुतः ही पहाट अर्धशतकापूर्वीच झाली होती; तिची नोंद मात्र नीट ठेवली गेली नाही.

फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलाटा हे कॅथलिक धर्मभगिनींनी चालवलेले मुलींचे एक छोटे महाविद्यालय. तेथील क्रीडागृह १९६७ साली आगीत भस्मसात झाले होते. १९७० मध्ये कॅथी रश यांनी वर्षाला ४५० डॉलर मानधनावर तेथील संघाचे प्रशिक्षण हाती घेतले. १९७२ च्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी पैशाअभावी आठच खेळाडू नेता आल्या. ज्या वेस्ट चेस्टर संघाने काही दिवसांपूर्वीच त्यांचा ३२ गुणांनी पराभव केला होता, त्यालाच अंतिम सामन्यात ५२-४८ असे नमवून त्यांनी अजिंक्यपद पटकावले. १९७३ आणि १९७४ मध्येही ते त्यांच्याकडेच राहिले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा सामना पाहण्यासाठी सुमारे बारा हजार प्रेक्षक लोटले. लोकांना या खेळात रस नव्हता, हे म्हणणे तेव्हाही खरे नव्हते.

मग विस्मरण का झाले? सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा जून १९७२ मध्ये झाला. तो सर्वथा न्याय्य होता. परंतु त्यामुळे मोठी विद्यापीठे मुलींच्या संघांवर खर्च करू लागली, खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि छोटी महाविद्यालये स्पर्धेतून मागे पडली. स्त्रियांच्या स्पर्धा भरवणारी ‘एआयएडब्ल्यू’ ही १९७१ ची संघटनाही टिकली नाही. या कायद्याची क्रीडाक्षेत्रातील अंमलबजावणी रोखण्यासाठी ‘एनसीएए’ ही बलाढ्य संघटना न्यायालयात गेली होती. तिनेच १९८२ पासून स्त्रियांची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली आणि जुन्या संघटनेचा कारभार आटोपला. अधिकृत विजेत्यांची यादीही मग १९८२ पासूनच सुरू झाली.

याचा परिणाम पुढे स्पष्ट दिसला. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडार्ड यांनी १९८१ पर्यंत ३६४९ गुण मिळवले होते. तरीही २०१७ मध्ये केल्सी प्लम यांच्या ३५२७ गुणांना विक्रमाचा मान मिळाला. दोन संघटनांच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण वुडार्ड यांच्या काळी चेंडू मोठा होता आणि लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळत नव्हते. फरक होता तो जुन्या खेळाडूंच्या बाजूने अधिक बोलणारा आहे.

वर्गात हजर असलेला विद्यार्थीही हजेरीपटावर नाव नसेल तर गैरहजरच ठरतो. येथे नेमके तेच झाले. इमॅक्युलाटाच्या संघाला बास्केटबॉलच्या गौरवमंदिरात स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, तिसऱ्या अजिंक्यपदानंतर चाळीस वर्षांनी. दरम्यान, २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना सुसज्ज व्यायामशाळा आणि मुलींना वजनांची एक छोटीशी मांडणी, हा भेद एका खेळाडूने प्रसृत केलेल्या चित्रफितीने उघड झाला. तोवर व्यवस्थापनाला त्यात गैर काही दिसले नव्हते.

उपेक्षेचा दोष प्रेक्षकांच्या उदासीनतेवर ढकलणे सोयीचे असते. परंतु प्रेक्षक १९७५ मध्येही आले होते. कमतरता होती ती नोंदवही हाती असलेल्यांच्या इच्छेची. आजच्या टाळ्या उद्याच्या इतिहासात टिकवायच्या असतील, तर ती वही कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहिले पाहिजे.