दागिना डब्यात, बाई पाण्यात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं, "ब्लॉग बंद पडला की काय?" बंद नाही पडला. एक गोष्ट मनात अडकून बसली होती आणि ती लिहावी की नाही हेच ठरत नव्हतं. कारण हे पान जशी ब्लॉगवरची मित्रमंडळी वाचतात तशी सासर-माहेरची माणसंही वाचतात. आज म्हटलं, लिहूनच टाकू. आत्याबाई, तुम्ही वाचत असाल तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. आमचं पाणी म्हणजे कयाधू, पूर्णा, पैनगंगा आणि फार तर सिद्धेश्वरचं धरण. समुद्र आम्ही टीव्हीत बघायचा. त्यामुळं जानेवारी 2025 मध्ये घरातल्या सोळा माणसांनी टेम्पो ट्रॅव्हलर करून गणपतीपुळ्याला जायचं ठरवलं, तेव्हा घरात लग्नाइतकी धांदल उडाली. हळद काढायला अजून अवकाश होता, हात मोकळे होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लेकरांचे कपडे, उलटीच्या गोळ्या... आणि सोनं. हो, सोनं! घर बंद राहणार, मागं चोरी झाली तर? म्हणून ज्याचं त्यानं अंगावर घालायचं. पंढरपूर, कोल्हापूर करत आंबा घाटानं खाली उतरलो ते असे, की सोळा माणसं समुद्र बघायला नाही, कुणाच्या वऱ्हाडाला निघालीत असं वाटावं.

गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी किनाऱ्यावर आहे. दर्शन झालं की चार पावलांवर पाणी. आमच्यातले पुरुष आणि पोरं तशीच धावली. धावायच्या आधी प्रत्येकानं एक काम मात्र केलं. बोटातल्या अंगठ्या, गळ्यातले गोफ काढून मोठ्या जाऊबाईंच्या हातात दिले. "वहिनी, सांभाळा जरा." जाऊबाईंनी पदराला गाठ मारली. त्या गाठीत सात अंगठ्या, दोन गोफ आणि एक घड्याळ होतं. आणि ती गाठ मुठीत धरून त्या कोरड्या वाळूत उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतेय, आणि तिची नजर पाण्यावर नाही, पदराच्या गाठीवर! दोन तासांत त्यांचे पाय घोट्यापर्यंतही भिजले नाहीत.

आता माझा गुन्हा. पुतण्याचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सूनबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, अंगठी जरा ढिली होतेय. काढून पर्समध्ये ठेवू का?" आणि मी, चार पुस्तकं वाचलेली, ब्लॉगवर शहाणपणा सांगणारी बाई, काय म्हणाले? "राहू दे गं माय. नवी नवरी तू. लग्नाची वस्तू बोटातनं काढू नये."

अर्ध्या तासात अंगठी गेली. गुडघाभर पाण्यात लाट आली, तिनं हात टेकला, लाट मागं फिरली आणि बोट रिकामं.

मग जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. आधी सगळे वाळू उकरायला लागले. पुतण्या शोधत शोधत छातीभर पाण्यात गेला. त्या किनाऱ्याला उतार आहे आणि परतणारी लाट पाय ओढते. तिथं माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. किनाऱ्यावरच्या एका माणसानं शिट्ट्या मारून, ओरडून त्याला बाहेर काढला. चार ग्रॅमच्या अंगठीसाठी घरातला तरणाताठा पोरगा गेला असता, आणि मग आपण म्हणालो असतो, बघा, अंगठी गेली तेव्हाच कळलं होतं!

परतीच्या गाडीत तेच सुरू झालं. "सुरुवातच अशी." "आमच्या काळात असं कधी झालं नाही." "अपशकुन बाई." पोरगी खिडकीला डोकं टेकवून आंबा घाट चढेपर्यंत रडली. सोन्यासाठी नाही रडली. आणि मी गप्प बसले. "काढू नको असं मीच सांगितलं होतं" हे एक वाक्य माझ्या तोंडून त्या गाडीत निघालं नाही. ते आज इथं लिहितेय.

आता वादाला बसू.

पहिला मुद्दा, "लग्नाची अंगठी काढू नये" हा आपला धर्म कधी झाला? आपल्याकडं लग्नाच्या खुणा म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी. साखरपुड्याच्या नावातच त्याचा अर्थ आहे, साखरेचा पुडा. आमच्या आजीच्या साखरपुड्यात अंगठीच नव्हती. एकमेकांच्या बोटात अंगठी घालायची ही हौस आपल्याकडं अलीकडची, साहेबाकडून आणि सिनेमातून आलेली. हौसेला माझी ना नाही. पण हौस आली की तिच्या मागोमाग आपण लगेच शकुन-अपशकुनही चिकटवतो, आणि तो चिकटवतो फक्त बाईच्या बोटाला! पुतण्याची अंगठी त्या वेळी कुठं होती? जाऊबाईंच्या पदरात. त्याला कुणी म्हणालं का, लग्नाची वस्तू काढू नये म्हणून? मीही म्हणाले नाही.

कुणी तरी सांगतं की त्या बोटातली नस थेट हृदयात जाते. ही प्राचीन रोमन समजूत आहे. शरीरशास्त्रात तशी खास नस त्या बोटाला नाही. आपल्या भाषेत तर त्या बोटाला धड नावही नाही, म्हणून ते अनामिका.

दुसरा मुद्दा, आपण दागिना कधीच काढत नाही हे खोटं आहे. आमच्याकडं हळद काढायच्या, शिजवायच्या दिवसांत कुणाच्या बोटात अंगठी असते? सगळ्या डब्यात. कढईजवळच्या वाफेत आणि चिखलमातीत सोनं नको, हे न सांगता कळतं. कणीक मळताना अंगठी काढतो. सोनाराकडं उजाळायला देतो. एमआरआय काढायचा असला की मंगळसूत्रासकट सगळं काढून सासूच्या हातात द्यावं लागतं. तेव्हा अपशकुन कुठं जातो? कामासाठी काढलं तर चालतं, दुखण्यासाठी काढलं तर चालतं. बाईनं मजेसाठी, पाण्यात खेळायसाठी काढलं तर मात्र चालत नाही. खरी अडचण दागिन्याची नाही, त्या मजेची आहे.

तिसरा मुद्दा साध्या विज्ञानाचा. पाण्यात बराच वेळ राहिलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोट बारीक होतं. घरी घट्ट बसणारी अंगठी समुद्रात सैल होते. वर खोबरेल तेल किंवा क्रीम चोपडलेलं असलं की बघायलाच नको. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. दागिन्याचं 22 कॅरेट थोडं हलकं असलं तरी वाळूच्या कणापुढं भारीच. त्यामुळं पडलेली अंगठी वाळूवर थांबत नाही, लाटेनं हललेल्या वाळूत खाली खाली जाते. आम्हा सगळ्यांच्या पायांनी ती आणखी खोल गाडली असणार! शोधायचीच तर जागेची खूण धरून ओहोटीची वाट बघायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते, तेव्हा उघड्या वाळूत शोधता येतं. पण छातीभर पाण्यात कुणी जायचं नाही, काही झालं तरी.

आणि युक्त्या सांगू नका. सगळ्या बघून झाल्या. अंगठीला दोरा गुंडाळायचा: ओला झाला की सुटतो. मधल्या बोटात घालायची: मग हात सुजला की निघत नाही. बोटीच्या दोराला नाहीतर कठड्याला अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, असे रुग्ण डॉक्टरांकडं येतात. चपलेत ठेवायची: चप्पलच जाते. सेफ्टी पिनेत ओवून ब्लाउजला आतून लावायची: ही त्यातल्या त्यात बरी, पण मग पूर्ण वेळ हात छातीशी. आणि सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे एका बाईच्या पदराला बांधायची. ती पैशाला फुकट, म्हणून सगळ्यांना आवडते. तिची किंमत मोठ्या जाऊबाईंना विचारा.

चोरीच्या भीतीचं काय, असं विचाराल. रास्त आहे. पण आमच्या दारी जनावरं आहेत, त्यांच्यासाठी एक घर तरी मागं राहतंच. त्या घरी डबा द्यावा. नाहीतर बँकेत लॉकर घ्यावा. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. लॉकरमध्ये चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच माणसानं घोटाळा केला, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते. समुद्र असली कसलीच जबाबदारी घेत नाही. त्याच 2025 साली दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे गेलेली अंगठी परत करायची तर आता काय पडेल ते तुम्हीच मोजा.

पाण्यात अंगठी हरवणारी आमची सूनबाई पहिली नाही. कालिदासाची शकुंतला आठवा. शचीतीर्थाच्या पाण्याला हात जोडताना तिच्या बोटातली अंगठी गळून पडली आणि माशानं गिळली. महाभारतातल्या गोष्टीत ही अंगठी नाही, ती कालिदासानं आणली. शाळेत आपण "अंगठी हरवली म्हणून दुष्यंत विसरला" असं शिकलो. शापाची भानगड बाजूला ठेवा. विसरला तो, आणि भर दरबारात पुरावा मागितला तिला! बाईच्या शब्दापेक्षा बाईच्या बोटातल्या वस्तूवर विश्वास जास्त. आमच्या गाडीतही वेगळं काय चाललं होतं? सहा महिने घरात राबणारी, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळणारी पोरगी खरी नाही, चार ग्रॅमचं कडं खरं.

आणि शेवटचा मुद्दा, जो आत्याबाईंना आवडणार नाही. जे लोक म्हणतात बाईनं सौभाग्यलेणं स्वतःच्या हातानं काढू नये, तेच लोक नवरा गेला की तिच्या अंगावरून ते ओरबाडून काढतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. एका गावाला ठराव करावा लागला, यातच सगळं आलं. म्हणजे घालायचं कधी ते घर ठरवणार, काढायचं कधी ते गाव ठरवणार. जिच्या गळ्यात, जिच्या बोटात ते आहे, तिनं फक्त सांभाळायचं, आणि हरवलं तर बोलणी खायची.

माझं म्हणणं एवढंच आहे. दागिना तिचा, बोट तिचं, तर काढायचं की ठेवायचं हेही तिनं ठरवावं. आणि ज्याला पाण्यात जायचंय त्यानं आपलं सोनं घरून निघतानाच डब्यात ठेवावं, दुसऱ्याच्या पदरात नाही.

मार्चमध्ये हळद शिजत होती तेव्हा मी सूनबाईला एकटी गाठून सांगितलं, "ते माझ्यामुळं गेलं. तू विचारलं होतंस." ती म्हणाली, "मला माहीत होतं काकू, तुम्ही म्हणाल कधीतरी." तिला दोन महिने वाट बघावी लागली. बाकीच्यांना सांगायला मला त्याहून जास्त वेळ लागला, तो हा असा.

या जानेवारीत परत जायचं म्हणतोय. मोठ्या जाऊबाईंना विचारलं, "येताय ना?" त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला बघितला की समुद्र." मी म्हटलं, "नाही वहिनी, तुम्ही गाठ बघितली." जरा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "मग या टायमाला डबा कुणाकडं ठेवायचा ते आत्ताच ठरवा."

ते ठरलंय. आत्याबाई, डबा तुमच्याकडं येतोय. आता करा फोन.