उपासाचं कौतुक, गोळीची लाज

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण पर्व संपलं होतं आणि मंदिराच्या सभामंडपात दहा-दहा उपवास केलेल्यांचा सत्कार चालला होता. पोरीबाळी, सासुरवाशिणी, साठी ओलांडलेल्या आज्ज्या एकेक करून पुढे जात होत्या, टाळ्या पडत होत्या. कौतुक करावं असंच होतं ते, माझंही मन भरून आलं. माझी भाची मात्र मागच्या खांबाला टेकून बसली होती. शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "तू गं? तू का नाही केलास उपास? एवढी तरणीताठी पोर तू!" भाचीनं तोंड उघडायच्या आत तिची आई बोलली, "तिची परीक्षा हाय की ओ."

परीक्षा नव्हती. पोरीच्या पर्समध्ये गोळ्यांची डबी होती. प्रथमाणुव्रत, द्वितीयाणुव्रत तोंडपाठ असलेली माझी बहीण देवाच्या दारात खोटं बोलली, आणि तिला तसं बोलायला आपण सगळ्यांनी भाग पाडलं. हा लेख त्या खोट्याबद्दल आहे.

भाचीला ल्युपस आहे. चिकोडी तालुक्यातल्या गावातून बेळगावला बी. एस्सी. करायला आली, हॉस्टेलात राहिली. पहिल्या वर्षी बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नसे. मग बारीक ताप, मग केस हातात यायला लागले, मग दोन्ही गालांवर नाकावरून पसरलेला लाल चट्टा, उन्हात गेलं की जास्त. कुणी टायफॉइड म्हटलं, कुणी रक्त कमी म्हटलं, कुणी म्हटलं हॉस्टेलचं पाणी. नऊ महिने गेले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी एएनएची तपासणी करायला सांगितली आणि संधिवाततज्ज्ञांकडे धाडलं. रिपोर्ट इंग्रजीत, पावती कन्नडात, आणि या आजाराला मराठीत घरगुती नावच नाही. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. आमच्या आक्कानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात तो शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं.

म्हणून आधी तो शब्द इथं नीट उच्चारते. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती ल्युपसमध्ये आपल्याच माणसांना चोर समजून मारत सुटते. सांधे, कातडी, रक्त, फुप्फुसांचं आवरण, मूत्रपिंड, कुठंही. दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात, आणि सुरुवात बहुतेक वेळा पंधरा ते पंचेचाळीस या वयात होते. म्हणजे नेमकी कॉलेजची, नोकरीची, लग्नाची, बाळंतपणाची वर्षं. तो शिवल्यानं होत नाही, उष्ट्या भांड्यानं होत नाही. मागच्या जन्माच्या हिशेबात मी शिरत नाही, पण या जन्मात त्या पोरीनं काही चुकीचं केलेलं नाही एवढं नक्की. तो कायमचा जात नाही, पण औषधानं झोपवून ठेवता येतो, आणि तो झोपलेला असला की पोरगी शिकते, नोकरी करते, संसार करते.

आता आपण काय करतो ते बघा. पहिल्यांदा काढा देतो. "प्रतिकारशक्ती कमी पडलीय, वाढवायला पाहिजे," म्हणत जो तो बाटली घेऊन येतो. अहो, हिची प्रतिकारशक्तीच तर अंगावर उठलीय! पिसाळलेल्या राखणदाराच्या हातात आणखी एक काठी देणारे आपण. मग स्टिरॉइडच्या नावानं ओरडतो. प्रेडनिसोलोननं पोरीचे गाल फुगले, तर तोंडावर म्हणतो, "हॉस्टेलचं जेवण मानवलं गं तुला!" एकोणीस वर्षांच्या पोरीला आरशात स्वतःचं तोंड ओळखू येत नसताना हे वाक्य किती लागतं, याचा हिशेब कुठल्याच प्रतिक्रमणात होत नाही.

आणि मग येते बघण्याची वेळ. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सांगलीकडचं एक स्थळ आलं. पोरीला शिकायचं होतं, पण "नुसतं बघून जातील" असं ठरलं. आक्का म्हणाली, गाल उतरायला पाहिजेत, महिनाभर गोळ्या बंद कर. पोरीनं केल्या. स्टिरॉइड एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीरानं आपलं बनवणं कमी केलेलं असतं. ते डॉक्टरांच्या सांगण्यानं पायरीपायरीनं उतरवायचं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी तर आजार झोपलेला असतानाही चालूच ठेवायची असते, कारण तो जागा होऊ नये हेच तिचं काम. हे सगळं तिच्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. फाईल कपाटात, साड्यांच्या खाली होती. कारण पाहुणे येणार होते.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. तिसऱ्या आठवड्यात पोरीचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून चालली होती. बायोप्सी झाली, शिरेतून औषधं झाली, सेमिस्टर बुडालं. स्थळाकडून नकार आला तो वेगळ्याच कारणानं: मुलगी सावळी वाटली म्हणे!

मी आक्काला बोलले नाही. ती माझी थोरली बहीण, आणि त्या दिवसांत ती इस्पितळाच्या बाकावर बसून रात्रीच्या रात्री णमोकार म्हणत होती. पण मी इथं बोलणार, कारण ही चूक एकट्या आक्काची नाही. "सांगितलं तर पोरीचं लग्न होणार नाही" ही भीती तिनं घरात बसून शोधलेली नाही. नकार देणारे कोण असतात? दुसऱ्या गावचे आपणच. आपल्या मुलासाठी बघताना आपण खोदून खोदून विचारतो आणि आपली पोर दाखवताना फाईल साडीखाली सरकवतो. दोन्हीकडं आपणच उभे आहोत.

तर लपवण्याचा हिशेब मांडू या. लपवून लग्न झालं, पुढं काय? सासरी गोळ्या कुठं ठेवायच्या? पिठाच्या डब्यात? पोरगी भीतीनं गोळी चुकवते आणि आजार उठतो. काही औषधं अशी आहेत की ती चालू असताना दिवस गेले तर गर्भाला धोका, मायकोफिनोलेट त्यातलंच. ती आधी बदलावी लागतात. आजार किमान सहा महिने शांत असताना, डॉक्टरांशी ठरवून मूल होऊ दिलं, तर बहुतेक जणींचं बाळंतपण नीट पार पडतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवतात. आईला आहे म्हणून मुलाला होतोच असंही नाही, बहुतेकांना होत नाही. पण हे सगळं जमतं कधी? नवऱ्याला माहीत असेल तेव्हा. आणि कायद्याचं म्हणाल तर 1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली म्हणून लग्न रद्द करून मागायची वाट त्यात आहे. जिच्या भल्यासाठी लपवलं, तिच्याच डोक्यावर ही तलवार टांगून आपण तिला निरोप देतो.

होय, सांगितलं तर काही जण नकार देतील. देऊ देत. उंबऱ्यावरून परत जाणारा माणूस उंबऱ्याच्या आत घेऊन छळणाऱ्यापेक्षा बरा.

आता धर्माकडं येते, कारण सगळ्यात जास्त ओझं त्याच नावानं टाकलं जातं. उपवासाला माझा विरोध नाही, मी स्वतः अष्टमी-चतुर्दशी सोडत नाही. पण तप म्हणजे फक्त अनशन असं आपल्याला कुणी शिकवलं? बाह्य तपं सहा, त्यातलं अनशन एक. आभ्यंतर तपंही सहा, आणि त्यात वैयावृत्त्य आहे, आजाऱ्याची सेवा. तिचा सत्कार कधी झालेला पाहिलात? सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे तप. शक्ती नसताना मूत्रपिंडावर निर्जळी उपवास लादणं याला कोणतं तप म्हणायचं? दानं चार सांगितली आहेत, त्यातलं एक औषधदान. ज्या धर्मात औषध देणं पुण्य आहे, त्या धर्माच्या पोरीला औषध घ्यायची लाज वाटावी, हे कुठलं शास्त्र?

आणि गंमत सांगते. रात्रिभोजनत्यागाची अडचण होईल म्हणून घरात केवढा गोंधळ झाला होता. भाचीनं डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, तुझ्या दोन्ही गोळ्या सकाळी नाष्ट्यानंतर घे. संपला प्रश्न. विचारलं म्हणून संपला. प्रत्येकीच्या गोळ्यांची वेळ अशी जुळेलच असं नाही, पण विचारायला तोंड तर उघडलं पाहिजे.

कॉलेजवाल्यांनाही सोडत नाही, आणि त्यात मी स्वतः आले. तीस वर्षं शिकवलं मी. बहुतेक विद्यापीठांत 75 टक्के हजेरी लागते, आणि हजेरीपट हे माझं शस्त्र होतं. एक मुलगी आठच्या प्रॅक्टिकलला रोज उशिरा यायची. बोटं आखडलेली असतात म्हणायची. मी म्हटलं, "थंडी सगळ्यांनाच वाजते." दुसऱ्या वर्षी ती आलीच नाही. तिला काय झालं होतं हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी विचारलंच नाही. भाचीची मूठ सकाळी मिटेना, तेव्हा मला ती मुलगी आठवली.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. ल्युपस हे नाव त्यात नाही. म्हणजे एका दिवशी जिना चढणारी आणि दुसऱ्या दिवशी वही न उचलता येणारी ही पोर कागदावर धडधाकट. तिला जे काही मिळतं ते प्राचार्यांच्या मर्जीनं. मर्जीवर चालणाऱ्या गोष्टीला हक्क म्हणत नाहीत, आणि हे आपण मोठ्या आवाजात म्हणत नाही, कारण त्यासाठी आजाराचं नाव घ्यावं लागेल!

म्हणून कॉलेजातल्या पोरींनो, तुमच्याशी थेट बोलते. आजार तुमचा आहे, फाईलही तुमची. ती आईच्या कपाटात नको, तुमच्या खोलीत पाहिजे. रिपोर्टांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. अर्ज जूनमध्ये द्या, परीक्षेच्या तोंडावर नको: डॉक्टरांचं पत्र जोडून, तळमजल्याची खोली, सकाळच्या प्रॅक्टिकलची वेळ, हजेरीतली सूट, लिहायला जास्त वेळ, जे लागेल ते लेखी मागा आणि पोच घ्या. दोन मैत्रिणींना सगळं सांगून ठेवा. ऊन ही तुमच्यासाठी नुसती गैरसोय नाही, त्यानं आजार उठतो. छत्री, पूर्ण बाह्या, एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, आणि "गोरी व्हायला लावतेस काय?" म्हणणाऱ्याकडं दुर्लक्ष. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. लघवीची तपासणी चुकवायची नाही, मूत्रपिंड दुखून सांगत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी. ताप आला, पाय सुजले, छातीत दुखलं तर इंटर्नल संपायची वाट बघू नका. आणि लस कुठलीही घ्यायची तर आधी विचारा, काही लसी तुम्हाला चालत नाहीत.

आणि समाजातल्या जाणत्यांनो, तुमच्याकडंही मागणं आहे. 1899 साली स्तवनिधीला आपली सभा स्थापन झाली. पोरं शिकावीत म्हणून गावोगावच्या लोकांनी पदरचे पैसे घालून बोर्डिंगं उभी केली. त्यांनी "लोक काय म्हणतील" असं म्हटलं असतं तर आपण आज कुठं असतो? त्याच परंपरेत बसणारी तीन कामं सांगते. वसतिगृहात आजारी पोरीला सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाष्टा आणि खालच्या मजल्याची खोली. शिकणाऱ्या पोरींच्या तपासण्यांसाठी औषधदानाच्या नावानं एक छोटा निधी, ज्यात नाव गुप्त राहील पण पैसे वेळेवर मिळतील. आणि वधूवर मेळाव्यात "आरोग्य" या रकान्यात खरं लिहिणाऱ्याचा फॉर्म बाजूला टाकायचा नाही. मंडपाच्या एका दिवसाच्या सजावटीत यातलं बरंच काही बसतं.

भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे, एक वर्ष मागं पडून. मूत्रपिंड सावरलंय, गाल थोडे उतरलेत. फाईल तिच्याच टेबलावर असते. आक्का अजून फोनवर "तिची ती गोळी" असंच म्हणते, नाव घेत नाही. घेईल.

भाद्रपद येतोय. उपवास करणाऱ्यांचा सत्कार करा, मीही टाळ्या वाजवीन. मागच्या खांबाशी मी भाचीजवळ बसणार आहे. उपास का नाही केलास, असं तिला जरूर विचारा. उत्तर ती स्वतः देणार आहे.