जामिनाबरोबर डॉक्टरही मागा

जंगलखात्याची केस, दळीवरून झालेली मारामारी, नाहीतर चोरीचा नुसता संशय. पोलीस वाडीत येतात आणि माणूस घेऊन जातात. मग आपण विचारतो, वकील कोण, जामीन कधी, पुढची तारीख कोणती. ते विचारलंच पाहिजे. पण आत त्याला झोप लागते का, त्याचं मन ठिकाणावर आहे का, हे कुणी विचारत नाही.

एक आई मुलाची मुलाखत घेऊन परत आली. म्हणाली, "पोरगा समोर उभा होता, पण मला ओळखल्यासारखं केलं नाही. जेवत पण नाही म्हणं." वाडीत कुणी म्हणालं लागीर झालं, कुणी म्हणालं सोंग करतो. आम्ही म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवा.

आरडाओरडा करणारा कैदी लगेच दिसतो. गप्प बसलेला दिसत नाही. उलट त्याचा कुणाला त्रास नाही, म्हणून तो चांगला कैदी ठरतो. आपली माणसं तर साहेबापुढं गप्पच बसतात. म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यानंच नीट बघावं. झोप उडाली आहे का? एकटाच बोलतो का? नसलेले आवाज ऐकू येतात का? "जगून काय करू" म्हणतो का? रोज पिणाऱ्याची दारू आत एकदम बंद होते. पहिल्या काही दिवसांत तो थरथरू लागला, भलतंच बरळू लागला, तर जिवाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर पाहिजे.

ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 103 कैद्यांसाठीच आहे. आपल्याकडे मानसिक आजारी कैदी नाही, असं तुरुंगाच्या डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी त्यासाठी नेमलेल्या मंडळाला लिहून द्यायचं असतं. असा कैदी असेल तर उपचाराला का पाठवला नाही, हे मंडळ तुरुंगात येऊन विचारू शकतं.

तळोज्याचा मध्यवर्ती तुरुंग आपल्याच तालुक्यात आहे. तिथं असताना आदिवासींसाठी झटलेल्या, हात कापणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना पाणी प्यायला नळीचा पेला हवा होता. त्यासाठीही कोर्टात अर्ज करावा लागला. मग आपण नुसतं तोंडी सांगून कसं चालेल?

तुरुंग अधीक्षकांच्या नावानं अर्ज लिहा. काय दिसलं, कधी दिसलं ते मांडा. आधीची औषधाची चिठ्ठी असेल तर नक्कल जोडा. पोच घ्या. एक प्रत वकिलामार्फत कोर्टात द्या. तुरुंगात सोय नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात तपासणीला पाठवा, असं मागा. वकील नसेल तर पनवेलच्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. आदिवासीला आणि कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो.

पण दवाखान्यात पाठवलं म्हणजे काम संपलं नाही. आसामचा आदिवासी माचांग लालुंग 1951 साली, 23 व्या वर्षी पकडला गेला. त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. 1967 मध्ये तो बरा झाल्याचं डॉक्टरांनी कळवलं. तरी त्याला घरी न सोडता गुवाहाटीच्या तुरुंगात टाकलं. खटला चाललाच नाही. 2005 साली, 54 वर्षांनी, तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर बाहेर आला. बाहेर त्याचा हिशोब ठेवणारं कुणी नव्हतं.

आपण वनहक्काच्या दाव्यांची वही ठेवतो. तिच्यातच चार पानं आत असलेल्या माणसांसाठी ठेवू. नाव, केस नंबर, तारीख, शेवटची मुलाखत, आणि तेव्हा तो कसा होता. दर बैठकीत ती पानं मोठ्यानं वाचू. जमिनीसाठी आत गेलेला माणूस परत येईल तेव्हा त्याला आपली जमीन ओळखता आली पाहिजे.